हिरव्या शाईचा फॉर्म

नाव: कॉलेजात सगळे 'कप्तान' म्हणतात, तेच लिहावे. वय: एकवीस वर्षे. धंदा: शिक्षण, शेवटचे वर्ष, शिवाय व्हॉलीबॉल संघाची कप्तानी. राहणार: मुलांचे वसतिगृह, दुसरा मजला, खोली तेवीस. सोबत रूममेट एक, टोपणनाव टिपकागद, संख्याशास्त्राचा विद्यार्थी.

ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, सोमवारी मानसशास्त्राच्या मॅडमनी आमच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली. नाव लिहायचे नव्हते. प्रश्न दोन: स्वतःला काय म्हणवता? मी 'फक्त मुलींकडे ओढा' यावर खूण केली. प्रश्न सात: गेल्या वर्षभरात शरीरसंबंध कोणाशी? मी 'मुलाशी' यावर खूण केली. किती जणांशी? एक. दोन्ही उत्तरे मी शेजारच्याचे न बघता, एका दमात लिहिली आणि त्यात काही विसंगत आहे हे माझ्या ध्यानातही आले नाही.

गुरुवारी कळले की हे फॉर्म संगणकावर चढवायचे काम टिपकागदाला मिळाले असून तो शुक्रवारी सुरू करणार आहे. माझा फॉर्म हिरव्या शाईत होता. ते पेन त्यानेच मला वाढदिवसाला दिलेले. प्रश्न सातमधला 'एक' तोच. प्रश्न दोनचे उत्तर वाचून त्याला फार लागले असते. दीड वर्षात त्याने मला कधी काही विचारले नाही आणि मीही आपण होऊन बोललो नाही. तो खोली सोडून जाईल या भीतीने मला जेवण गेले नाही.

शुक्रवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, मॅडम जेवायला गेल्याचे पाहून मी विभागात शिरलो. कपाटाला कुलूप नव्हते. चोरी करायची नव्हती, खूण तेवढी बदलायची होती. गठ्ठा चाळत असताना शिपाईमामा आले. त्यांना वाटले, मी परीक्षेचा पेपर फोडतोय. त्यांनी बाहेरून कडी घातली आणि "चोर, चोर" असा ओरडा केला. व्हॉलीबॉलचा अख्खा संघ मदतीला धावून आला, मामांच्या.

मी फक्त खूण बदलायला आलो हे सांगितल्यावर, ओरडा ऐकून परतलेल्या मॅडम म्हणाल्या, "अरे, खाडाखोड केली की फॉर्म बाद होतो. आणि अशी उलटसुलट उत्तरं अडतीस जणांची आहेत. मी तेच तर शोधतेय!" हे ऐकून संघातले चौघे खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधू लागले.

तरीही मामांनी मला ठाण्यात आणले. तिथे हवालदारसाहेबांनी विचारले, "म्हणजे हत्तीचे दात झाले. दाखवायचे वेगळे, खायचे वेगळे. तुझं नक्की काय?" मी सांगितले, "साहेब, तिथंच तर घोडं पेंड खातंय."

पावणेतीनला टिपकागद माझे ओळखपत्र घेऊन ठाण्यात आला. म्हणाला, "गधड्या, मी कालच सुरुवात केली. तुझा फॉर्म माझ्याकडंच आहे. कपाटात काय शोधत होतास?"

मी विचारले, "मग प्रश्न दोन?"

"संगणकावर तो रकाना कोरा ठेवलाय. तुझं ठरलं की सांग, मग भरतो."

यावर मला रडू आले. ते जबाबात लागत नाही असे हवालदारसाहेब म्हणाले, पण मी लिहायला लावले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मॅडमची माझ्याविरुद्ध नाही. मामांची आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो बाहेर बाकावर बसलेल्या टिपकागदालाही ऐकू गेला. एक चूक सोडून सगळे बरोबर आहे. पहिल्या परिच्छेदातला 'रूममेट' हा शब्द मी स्वतः, कोणाच्या दबावाशिवाय, हिरव्या पेनाने खोडून तिथे 'जोडीदार' लिहिला आहे. इथे खाडाखोड चालते, फक्त पुढे सही लागते, असे हवालदारसाहेबांनी सांगितले. सही केली आहे.