मामांची चकती

अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मास्तर सलूनच्या बाकावर आणखी तिघांसोबत नंबर लावून बसले होते. डोळे पेपरात, कान मात्र खुर्चीकडे. तिथं गिऱ्हाइकाला फेस लावणाऱ्या सलूनवाल्याशी शेजारचे मोचीमामा हुज्जत घालत होते.

“तुझ्या चपला मी शिवायच्या, माझे केस तू कापायचे. ठरलंय ना आपलं?”

“ठरलं तेव्हा तुमच्या डोक्यावर केस होते, मामा!”

“टक्कल पडलं म्हणून माझी मजुरी बुडाली?”

“मग दाढी करून देऊ?”

“दाढी मी हौसेनं राखलीय. त्यापेक्षा माझ्या वाटणीचे केस दुसऱ्याचे काप.”

“म्हणजे?”

“चहावाल्याला मी कातड्याची चकती देईन. तो मला आठवडाभर चहा पाजेल. चकती घेऊन येईल त्याचे केस तू कापायचे.”

“आणि त्यानं ती तिसऱ्यालाच दिली तर?”

“देऊ दे की! डोकं कुणाचं का असेना.”

“अन् तुम्ही गोणीभर चकत्या कापल्यात तर? मी जन्मभर फुकट हजामती करू?”

“छे! माझ्यावर भरवसा नाही?”

“आहे हो. पण विचार करून उद्या सांगतो.”

मामा हळूच दाराकडे सरकू लागले.

“मामा… वाटल्यात की काय?”

“एखाद-दुसरी.”

खुर्ची रिकामी झाली. मास्तर उठले. मोठ्या नोटेचे सुटे नाहीत म्हणून चहावाल्यानं सकाळी हातावर टेकवलेली कातड्याची चकती त्यांनी हळूच आरशापुढे ठेवली.

मागं बाकावरचे तिघंही खिसे चाचपू लागले.