गंजलेला मंगळ

(लखनौ, सरोजिनी नगर. हवाईदलाचं क्वार्टर. ज्येष्ठातल्या मंगळवारची दुपार. आतल्या खोलीचं दार बंद.)

अवनी : आई, दीप्तीताईला मंगळ आहे म्हणतात, तो नक्की कुठे असतो? माझी मैत्रीण सलोनी म्हणाली, हे तू आईला तोंडावर विचारूच शकणार नाहीस. घे, विचारलं.

आई : हळू बोल, ताई ऐकेल. पत्रिकेत असतो. तिच्या सातव्या घरात आहे.

अवनी : म्हणून उद्या तिचं लग्न आधी मडक्याशी?

आई : मडकं काय म्हणतेस. कुंभविवाह तो. मंगळाची आग घटावर जाते, मग घट पाण्यात सोडायचा. लग्नाला चंद्रहासच्या घरच्यांची तेवढीच अट आहे. तू करवली म्हणून मागे उभी राहायचंस, झालं.

अवनी : पण आग आहेच कुठे? यार आई, तो रुंदीला पृथ्वीच्या निम्मा. हवा इतकी विरळ की ऊब टिकतच नाही. रात्री आपल्या फ्रीझरपेक्षाही कितीतरी गार.

आई : मग लाल कशाने दिसतो?

अवनी : गंजाने. मातीत लोखंड आहे, ते गंजलंय.

बाबा : गंज?

अवनी : हाँ बाबा. तुम्ही हँगरमध्ये बोल्टांवरचा घासून काढता ना, तसलाच.

बाबा : मग तिथे कधीतरी पाणी असणार.

अवनी : होतं. नद्यांची सुकलेली पात्रं दिसतात अजून.

बाबा : म्हणजे तापट नाही. कोरडा पडलाय बिचारा.

आई : अहो, तुम्ही पण? उद्या चंद्रहासला साधा ताप आला तरी आपल्या पोरीलाच बोलतील. मला त्याची भीती वाटते.

अवनी : ताईलाही वाटते. काल मला विचारत होती, माझ्यामुळे खरंच कुणी मरेल का गं.

आई : मला नाही बोलली.

अवनी : तुला कशी बोलेल?

बाबा : सकाळपासून जेवली का ती?

अवनी : नाही. आणि बाहेर तो लाऊडस्पीकर ऐका. बड़ा मंगल आहे आज, ज्येष्ठातला मारुतीचा मंगळवार. कोपऱ्यावर भंडारा लागलाय, येईल त्याला पूरी-सब्जी. वाढणारा भैया कुणाची पत्रिका बघत नाही. मंगळाच्याच नावाने अख्खा रस्ता जेवतोय, आणि आपल्या घरात त्याच्यापायी ताई उपाशी.

आई : शब्द दिलाय गं आपण.

अवनी : तो तुम्ही दोघं बघा. मी माझं ठरवलंय. उद्या मी करवली होणार नाही. आत्ता ताईला घेऊन कोपऱ्यावर जाते, जेवायला. दार मात्र तू वाजव, आई. तुझ्यासाठी उघडेल ती.