आशाताईचं चूलबंद आवतन

तुमी चहा घ्या, मी आमच्या कांताबाईचं सांगतो. बाळापूरकडच्या आमच्या गावातली आशाताई, म्हंजे घरोघरी आरोग्याचं काम पाहणारी आशा सेविका. डेंगूवर पाच देशांच्या डॉक्टरांची ऑनलाइन मीटिंग होती, तिथं गावाकडून बोलाले तिले बसवलं. मी आरोग्यसेवक, बाजूले.

दुभाषी मॅडम म्हणाल्या, "एक शेजारी देश यात नाही. त्यांच्याशी बोलणं बंद आहे."

कांताबाई मधातच बोलली, "मंग काय झालं? आमच्या इथं भाऊबंदाशी बोलणं बंद असलं तरी लग्नाचं चूलबंद आवतन देतो. सारं घर जेवाले येते, त्या दिवशी त्यायची चूल पेटत नाही. डासाले का मालूम, कोनाचं कोनाशी पटत नाही?"

साऱ्यायनं टाळ्या पिटल्या. पुढच्या मीटिंगले तो देश हजर!

मी खुशीत म्हटलं, "बाई, आता तुमच्या जाऊबाईच्या टाक्यातल्या अळ्या पाहून येऊ. दर सर्वेत तेवढंच घर सुटून राहिलं."

बाई फणकारली, "तिच्या दारात मी पाय ठेवत नाही!"

"अवो, आताच तं तुमी देश जोडला!"

"तो देश लांब हाय, साहेब. हे भवानी भिंतीले लागून रायते!"