सातव्या दिवसाआधी

बेनितो : माय, चपला कशाला घालतेयस? अजून पप्पांच्या सातव्या दिवसाची चर्चमधली मिस्सासुद्धा झाली नाही.

पिएदाद : बांधावर चाललेय. परवापासून खाडीचं पाणी शेतात घुसतंय, आणि मला आत्ता कळतंय.

बेनितो : या काळ्या कपड्यांत चिखलात जाणार? लोक काय म्हणतील?

पिएदाद : म्हणू देत. खाऱ्या पाण्यानं भात त्यांचंच जळतंय. सगळं गाव इनासला मूठमाती द्यायला लोटलं. भरतीचं पाणी अडवायला बांधाचं दार खाली पाडायचं कुणाला सुचलं नाही. पाडणारा पेटीत निजलेला.

रोजार : पिएदादबाय, मी तेच सांगायला आलो. बांध समितीचं ठरलंय. इनासच्या मानासाठी सातव्या दिवसापर्यंत बांधाला कुणी हात लावायचा नाही.

पिएदाद : असला मान कुणी मागितला होता, रोजार? तोवर एक रोप उरायचं नाही.

रोजार : देवमाणूस होता तो. एवढंही करू नये त्याच्यासाठी?

पिएदाद : देवमाणूस म्हणू नकोस. संसार मी केलाय त्याच्याशी. लग्नात आमच्या नावानं पेले उचलले होते, आणि हा भरती आली म्हणून बापाला ओढत बांधावर पळाला. परत आला तो गुडघाभर चिखलात, आणि तसाच नाचला माझ्याबरोबर. माझ्या पांढऱ्या झग्याची वाट लागली.

बेनितो : मी बोटीवर नोकरीला निघालो तेव्हाही ते बांधावरच. निरोप द्यायला आले नाहीत.

पिएदाद : नाही आला. त्यापायी आठवडाभर मी त्याला नुसती पेज वाढली. पण त्या दिवशी बांधाला भगदाड पडलं होतं. ते बुजलं नसतं तर गावात कुणाच्या चुलीवर पेजही शिजली नसती. मिस्सेनंतर बोलशील तेव्हा दोन्ही सांग. गुळगुळीत बोलून माझा नवरा पुसून टाकू नकोस.

बेनितो : माझ्या पोरीला मात्र त्यांनी चंद्र बघून भरती ओळखायला शिकवलं. मला कधी नाही.

पिएदाद : तिनं विचारलं. तू कधी विचारलंस?

रोजार : ते दार फुगलंय, बाय. बाईमाणसाला हलायचं नाही. शिवाय तिथं माझं जाळं लागलंय.

पिएदाद : अस्सं. म्हणजे आम्हाला शोक आणि तुला कोळंबी.

रोजार : पाणी येतंय, त्याच्यासोबत कोळंबी येते. त्याला मी काय करू?

पिएदाद : जाळं काढ. नाहीतर जाळ्यासकट दार पाडीन. मान म्हणे. तो असता तर तुला त्याच जाळ्यात गुंडाळून खाडीत सोडला असता.

(बांधावर. भरती चढू लागली आहे. रोजार जाळं ओढून काढतो आहे.)

बेनितो : माय, तू बाजूला हो. दोर मला दे.

पिएदाद : हा माझा. तू पलीकडचा धर. दोन्हीकडून एकदम सोडल्याशिवाय दार सरळ खाली येत नाही.

बेनितो : मग पप्पा एकटे कसे पाडायचे?

पिएदाद : एकटा कुठला? तुझे आजोबा गेल्यापासून हा दोर माझ्याच हातात असायचा. चल, सोड हळूहळू.