आंब्याला दोन बादल्या

ताडकळसच्या थांब्यावर एसटी येईना, अन् मालनबाईंचा पाय एका जागी ठरेना. शेवटी त्यांनी बाकावरच्या नर्सरीवाल्या धम्मशीलाताईंना गाठलंच.

"नातीच्या नावानं आंबा लावलाय ओ, महिनाच झाला. पानं पिवळी पडून गळायलीत."

"पाणी किती घालता?"

"रोज सकाळी बादलीभर."

"माती कशी हाय?"

"नुसता चिखल."

"मग आणखी कोण घालायलंय?"

"सून. परवा संध्याकाळी बघितलं तिला."

"अन् बोलला न्हाईत?"

"बारशापासून बोलणं न्हाई आमचं."

"अगं माय! मुळं गुदमरायलीत त्याची. आठ दिवस पाणी बंद. आत्ताच सांगा तिला."

मालनबाईंनी फोन दोनदा पिशवीत टाकला, तिसऱ्यांदा लावला. स्पीकर चालू होता. साऱ्या बाकानं ऐकलं.

"आत्याबाई? काळजी करू नका ओ, आज दोन बादल्या घातल्या."