दाराच्या आतली भिंत

न्हाय, केराबाई, अडकलो-बिडकलो काय न्हाय मी. बसलोय. ह्या जुन्या तुरुंगाचं वाचनालय करायचं म्हणून गावानं कमिटी केली, तिचा अध्यक्ष मी, आणि उद्या उद्घाटन — मग अध्यक्षानं कोठडीत बसून बघायला नको व्हय, वारा कुटनं येतो, उजेड किती पडतो, वाचणाऱ्याच्या डोळ्यावर ऊन येतंय का? तेच बघतोय. उकडतंय जरा, पण दगडी काम हाय, उकडणारच. तू जा आता. उद्या ये. उद्या नको, उद्या सोलापूरच्या मोठ्या वकिलांच्या हातनं उघडायचंय, गर्दी असंल — परवा ये. अगं, बसतीस काय पायरीवर? जा म्हणलं की!

कुलूप? व्हय, लागलंय. भाईरनं लागलंय, दिसतंय मला. हसू नको. हे बघ, खटक्याचं कुलूप हाय हे, इंग्रजाच्या वक्ताचं, गंजून पडलेलं — मीच दुरुस्त करून घेतलं, म्हणलं उद्या वकीलसाहेबांच्या हातनं हेच उघडायचं, चार लोकांनी बघितलं पाहिजे. आणि त्या लोहारानं मेल्यानं असलं तेल पाजलंय त्याला, बोट लागायचा अवकाश, खट्! मी गजांतनं हात भाईर घातला, कडी सरकवली, कुलूप नुसतं अडकवायचं म्हणून अडकवलं — झालं. किल्ली म्हणतीस? किल्ली मठात. आपल्या गावची रीत हाय न्हवं, नवी वास्तू उघडायची तर आदल्या दिवशी तिची किल्ली मठात गादीवर ठेवायची, आणि सकाळची पूजा होईस्तवर खुद्द स्वामींनीबी तिला हात लावायचा न्हाय. कमिटीतली पोरं म्हणली, अप्पा, तुरुंगाला कसली आलीय वास्तू? मीच भांडलो. म्हणलं, वीरभद्रप्पा जिता हाय तवर रीत मोडायची न्हाय. दुपारी वाजतगाजत जाऊन ठेवून आलो. हात दाखवून अवलक्षण म्हणत्यात ते हेच.

पण आतनं कशापायी लावलं? ते... शेळ्या येत्यात गं. ओल्या चुन्याला अंग घासत्यात. शिवशिवा — शेळ्या कसल्या! तू येताना दिसलीस. खरं सांगायचं तर तू फाटकातनं आत येताना दिसलीस, आणि म्हणलं, आली ही, आता आत घुसणार आणि भिंत दाखव म्हणून ठाण मांडणार, म्हणून घाईघाईनं दार ओढलं. दुकानावर येऊन बसतीस ते बसतीस, गिऱ्हाईकांदेखत एकच तुणतुणं — अप्पा, माझ्या मालकानं कोठडीच्या भिंतीवर मेंढरं काढल्यात म्हणं, एकदा बघू द्या. तुला किती बारी सांगितलं, न्हायत म्हणून? भिमानं सांगितलं व्हय तुला? भिमा चुना मारायला आला होता, शिकवायला न्हाय. भिंत बघ कशी हाय, पांढरी फेक, दोन हात मारल्यात. तिकडनं नाक खुपसून काय दिसणार हाय? दाराच्याच भिंतीला, आतल्या अंगाला हाय — म्हणजे, असतं तर तितं असतं. न्हाय म्हणलं न्हवं!

हे बघ, आता डोकं चालव. मंडळी बैलगाड्या घेऊन होटगी ठेसनाला गेल्यात, वकीलसाहेब आज सांजच्या गाडीतनं उतरले की आधी हितंच आणणार, जागा दाखवायला. आणि जागेत कोण? तर अध्यक्ष, गजाला धरून उभा! बाजारात तोंड दाखवायला जागा उरंल का मला? तवा तू असं कर, लोहाराला बोलावून आण. लोहार नको — त्याचं तोंड म्हणजे दवंडी. आमच्या घरला जा, दाक्षायणीला सांग... ती आधी रडंल, मग शेजारणी गोळा होतील. कानशीनं कापायचं म्हणलं तरी कापलेलं कुलूप उद्या वकीलसाहेबांच्या हातात काय म्हणून द्यायचं? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तूच सांग, काय करू? बघतीस काय, मेंढराकडं बघावं तशी.

पाणी हाय का गं तुझ्याजवळ? घसा सुकलाय. चुना नाकातोंडात जातोय. हातपाय पसरावं म्हणलं तर भिंत लागती, उभा राहिलो तर डोसकं छताला लागंल की काय असं वाटतंय — लागत न्हाय, पण वाटतंय. आमच्यात दुसऱ्याच्या हातचं... दे, दे. वरनं ओत, मी ओंजळ धरतो. कुणाला सांगू नको म्हंजे झालं. आणखी ओत. एवढ्या वेळात मला असं व्हायला लागलं, माणसं हितं महिने-महिने कशी राहिली असतील देव जाणे.

माझा गुरुबसप्पा राहिला की. सख्खा धाकटा भाऊ माझा, तुला ठाऊक हाय. तीस साली सोलापुरात गोळ्या चालल्या, मार्शल लॉ लागला, आणि हितं ह्या पठ्ठ्यानं सरकारी कुरणातलं गवत कापायचा सत्याग्रह केला. दुकान सोडून! मी लई शिव्या घातल्या त्याला. गेल्या साली वारला, आणि मला दुसरं काय सुचंना बघ — म्हणलं, सरकारनं हा तुरुंग गावाला दिलाय, मुंबईत आता आपले मंत्री बसल्यात, तर ह्याच कोठडीत त्याचा फोटो लावायचा, भाईर दगडावर त्याचं नाव कोरायचं, पोरांनी हितं बसून वाचायचं. ह्यात माझं काय चुकलं? तुझा नवरा धुळाबी हितं होता, मी न्हाय कुटं म्हणतो? पण धुळा सत्याग्रही न्हवता, केराबाई. त्याची मेंढरं कुरणात घुसली होती, तो वळवायला गेला आणि शिपायांनी सगळ्यांबरोबर त्यालाबी उचलला. मेंढरं घुसली म्हणून धरलेल्या माणसाचं नाव दगडावर कोरलं तर लोक काय म्हणतील? म्हणून म्हणलं, नकोच ते. भिंतीवर मेंढरं दिसली की लोक विचारणार, ही कुणी काढली? मग धुळाचं सांगावं लागणार. मग ताप आलेला सांगावा लागणार. मग घोंगडं —

काय न्हाय. घोंगड्याचं काय न्हाय.

अशी बघू नको माझ्याकडं. बरं, ऐक. ऐकायचंच असंल तर ऐक. ताप आधी गुरुबसप्पाला आला होता. थंडीचे दिवस, खाली फरशी, आणि आमच्या घरनं पाठवलेली गादी शिपायांनी आत सोडली न्हाय. तुझ्या नवऱ्यानं आपलं घोंगडं त्याच्या अंगावर घातलं आणि आपण उघडा बसला. गुरुबसप्पा उटला, आणि धुळा पडला, तो परत उटलाच न्हाय. गुरुबसप्पा मरताना हेच बडबडत होता — धुळाला घोंगडं परत द्या, धुळाला घोंगडं परत द्या. मी त्याला व्हय व्हय म्हणत होतो. तुला मी सांगणार होतो गं. पण तू अशी दारात येऊन बसायचीस, आणि मला तोंडच उघडता यायचं न्हाय, मग रागच यायचा तुझा. आज कुटं जायला जागाच न्हाय, म्हणून बोललो.

रडू नको. ए बाई, रडू नको, मला हितनं उटून जाताबी येत न्हाय.

थांब. थांब जरा. मावळतीचं ऊन झरोक्यातनं आत आलंय — आडवं पडलंय भिंतीवर. अय्यो शिवा. चुन्याखालनं दिसतंय गं! खिळ्यानं-बिळ्यानं कोरलेलं दिसतंय, चुना मारून कुटं जाणार? भिमाला मी म्हणलं होतं, खरवडून काढ. त्यानं खरवडलं न्हाय, लबाडानं. कळप हाय, केराबाई. सगळा कळप हाय, दारापासनं कोपऱ्यापर्यंत चाललाय. म्होरं कुत्रं. मधी तट्टू हाय, पाठीवर बिऱ्हाड लादलंय आणि वर कोंबडी बसलीय — कोंबडीबी काढलीय पठ्ठ्यानं! तट्टाची दोरी धरून एक बाई चाललीय. पदर खोचलाय कमरेला, काखंत कोकरू. आणि ही हितली मेंढी बघ, एकच शिंग. दुसरं काढायचं विसरला वाटतं. काय म्हणालीस? होतीच तशी? खरंच एकशिंगी होती? मग विसरला न्हाय तो. काही विसरला न्हाय.

तू कशी दिसतीस म्हणतीस? आता मला काय कळतंय चित्रातलं, मी ज्वारी विकणारा माणूस. लहान काढलीय. पण मागं वळून बघतीस बघ. सगळी मेंढरं म्होरं बघत्यात, तू एकटी मागं बघतीस.

कुटं निघालीस? केराबाई! लोहाराकडं निघालीस व्हय? मला टाकून जाऊ नको गं, अंधार पडंल, मंडळी येतील — तिकडं कुटं चाललीस, रस्ता हिकडं हाय. दगूड कशाला उचललास? ए! ठेव खाली. ठेव म्हणतो ना! अगं, किल्ली गादीवर हाय, कुलूप फोडलं तर रीत मोडली, अख्खं गाव मला... उद्या वकीलसाहेबांनी काय उघडायचं? केराबाई, माझी अब्रू हाय त्या कुलपात! मार नको — अगं, बोटावर बसंल. शिवशिवा. आणखी एक घाल. न्हाय, न्हाय, थांब, मी काय बोलतोय —

जरा खाली मार. कोयंड्यावर. हां. कोयंडा गंजलेलाच हाय, चौकटीच्या लाकडातनं निघंल. मी आतनं दार दाबून धरतो, घाल आता.

निघालं.

ये. आत ये. चपला राहू देत गं पायात, देऊळ न्हवं हे. चुना लागंल लुगड्याला, लागू दे. खाली बस, उभ्यानं दिसायचं न्हाय, त्यानं बसूनच काढलंय. हात लावलास तरी चालंल. मी पायरीवर बसतो. गाड्यांच्या घुंगरांचा आवाज येतोय, मंडळी आली वाटतं. येऊ देत. सांगतो मी वकीलसाहेबांना, जरा भाईर थांबा, आत धुळाच्या घरची माणसं हायत. तू बघ.