आतून ठोकणारे तात्या

भिंती ठोकायचा पगार मिळतो म्हटलं की तुम्ही हसता, पण परवा इंदापुरात काय झालं ते ऐका. बाजारातल्या एका जुन्या इमारतीची दुरुस्ती चालू आहे. लाकडी हातोडीनं भिंत ठोकायची आणि आवाजावरून गिलावा कुठं सुटलाय ते ओळखून खूण करायची, हे माझं काम. मी बाहेरून ठोकलं. आतून कुणीतरी उलट ठोकलं! परांचीवरून पडता पडता वाचले.

असं दोन-तीनदा झाल्यावर वैतागून खाली उतरले. आत शिवणकामाचं दुकान. जुने भाडेकरू तात्या हातात कात्री घेऊन भिंतीपाशी उभे.

“तात्या, का ठोकताय? मला भिंतीचा आवाज कळत नाही.”

“आत माणूस हाय, हे तुमाला कळावं म्हणून. मागल्या बारीला बी दुरुस्तीच म्हणले हुते. माझी मागची खोली पाडून मोकळे झाले.”

“या वेळी काही पाडणार नाही हो. जरा वेळ बाहेर बसा ना.”

“मग तुमी बसा हितं. मी ठोकतो.”

वाद घालायचं त्राण नव्हतं. तात्या कात्री ठेवून माझी हातोडी घेऊन बाहेर गेले, मी त्यांच्या स्टुलावर बसले. तात्यांनी बाहेरून हातोडी मारली, तशी चुन्याची भुकटी माझ्या डोक्यावर आली. पुढच्या ठोक्याला वाटलं, भिंतच अंगावर येतेय. कधी कात्री उचलली आणि आतून ठोकायला लागले, माझं मलाच कळलं नाही.

बाहेरून तात्या ओरडले, “मॅडम, भिऊ नका! दुरुस्तीच चाललीया!”